रिकाम्या घरावरचा पहारा

लग्नात शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी "तुम्ही काय करता?" असं विचारलं, की मी आधी इकडेतिकडे बघते, आवाज खाली आणते आणि सांगते, "मी बाहेर जाणाऱ्यांना अडवते." बाई पर्स मांडीवर घेतात. "माणसांना नाही हो," मी म्हणते, "प्रोग्रॅमांना." मग त्या खुर्चीच बदलतात.

ह्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी हाच प्रश्न विचारला आणि वर पानंही दिली. त्यामुळे तुम्हाला काही खुर्ची बदलता येणार नाही. बसा.

तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पन्नासेक प्रोग्रॅम राहतात. तुम्हाला वाटतं, ते खाली मान घालून आपापलं काम करतात. छे! त्यातले निम्मे सारखे बाहेर पळायच्या बेतात असतात. एकाला आपल्या मूळ कंपनीला खुशाली कळवायची असते, दुसऱ्याला नवी आवृत्ती आणायची असते, तिसऱ्याला तुम्ही दिवसभर काय केलंत ते कुणाच्या तरी कानात सांगायचं असतं. पण त्यातल्या एकालाही स्वतःचं दार नसतं. दार एकच, आणि ते विंडोजच्या ताब्यात. बाहेर जायचं तर तिथं विचारावं लागतं, "साहेब, जरा जाऊन येऊ का?" त्या दारावर एक वही असते आणि त्या वहीत मी लिहून ठेवते: अमुक फोल्डरमध्ये राहणारा अमुक प्रोग्रॅम, ह्याला सोडायचं नाही. बस. बाकीचे जातात, येतात, मेल चालते. तो एकटा घरात बसतो.

हे वहीचं प्रकरण मला नवीन नव्हतं. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, पिंपरीतल्या एका कंपनीच्या गेटवर उभं आयुष्य वॉचमन होते. आम्ही कासारवाडीला राहायचो. मी लहानपणी त्यांचा डबा घेऊन गेटवर जायची आणि ते मलाही वहीत सही करायला लावायचे. स्वतःच्या पोरीला! "नाव, काम, वेळ," एवढंच म्हणायचे. आणि घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचे. शेजारी हसायचे. आई म्हणायची, "उपटून आणा आता ते." मीही आज कुलूप तीनदा ओढते. ही सवय लक्षात ठेवा. मी विसरले होते, त्याचीच ही गोष्ट आहे.

पण आधी धंद्याची मजा सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी नुसती कुलपंच ओढते.

कासारवाडीतच मंगलाताईंचं वधूवर सूचक मंडळ होतं. एकदा त्यांचा फोन आला, "रत्ना, लगेच ये. माझं एक जमलेलं लग्न मोडायला निघालंय." गेले. दोन्हीकडची मंडळी समोरासमोर बसलेली, पोह्यांच्या बश्या हातात आणि कुणी खात नाही. मंगलाताईंकडे पत्रिका जुळवणारा एक फुकटचा प्रोग्रॅम होता. त्यानं छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण दाखवले होते. उत्तम! पण फुकटचं पोट भरायला तो इंटरनेटवरून जाहिराती आणायचा. तर वर अठ्ठावीस गुण, आणि त्याच्या बरोब्बर खाली, ठळक अक्षरांत: 'घटस्फोट, कमी त्रासात.'

मुलाची आत्या म्हणत होती, "हा संकेत आहे."

मंगलाताई मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "इंटरनेट बंद करून टाक."

"मग तुमची मेल बंद होईल, स्थळं कशी येणार?"

"मग काय करतेस?"

मी बसले, दारावरच्या वहीत पत्रिकेच्या प्रोग्रॅमचं नाव घातलं आणि त्याला पुन्हा चालवलं. अठ्ठावीस गुण आले आणि खाली पांढरी स्वच्छ जागा. मी आत्याबाईंना गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "पहिल्या वेळी ग्रहांची जुळवाजुळव अर्धवट झाली होती." लग्न झालं. त्यांना जुळी मुलं आहेत. त्याचं श्रेय मी विंडोजला देते.

अशा कामांनी माणूस चढतो. मीही चढले. आणि चढलेल्या अवस्थेतच चाकणला गेले.

चाकणच्या त्या कारखान्याचं नाव सांगत नाही. अजून तिथं माझा चहा चालू आहे. तिथं गिअरबॉक्सची लोखंडी घरं, म्हणजे बाहेरची कवचं, बनतात. त्या प्रत्येक घरात एक मोठं गोल भोक असतं, आणि ते भोक किती मोठं, हे मोजायला एक थंड खोली, खोलीत ग्रॅनाइटच्या ओट्यावर बसवलेलं परदेशी मशीन, आणि मशीनला जोडलेला कॉम्प्युटर. मशीन टोकाला माणिक बसवलेल्या काडीनं भोकाच्या कडेला हलकेच शिवतं आणि कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम सांगतो: पास की नापास. चूक चालते ती मायक्रॉनांत. मायक्रॉन म्हणजे काय, तर तुमच्या डोक्यावरच्या एका केसाची जाडी सत्तरेक मायक्रॉन भरते. माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर दाखवायला आता एकही उरलेला नाही.

ह्या खोलीचे राजे म्हणजे तात्या. क्वालिटीचे सर्वांत जुने तपासनीस. तात्या तिथल्याच जुन्या गावचे. कारखाना उभा राहिला ती जमीन कधीकाळी त्यांच्या चुलत्यांची. "ह्ये मशीन बसलंय ना बाई, हितं आमचा भुईमूग व्हायचा," असं ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले, जसं काही भुईमूग काढल्यावर दुसरं पीक म्हणून मशीन लावलं. त्यांच्या खिशात क्वालिटीचा शिक्का असायचा, चार नंबरचा. तो शिक्का कागदावर पडला की गेटमधून ट्रक सुटायचा. नाही पडला तर मालक स्वतः आले तरी ट्रक हलायचा नाही.

आणि तात्यांची एक रीत होती. काहीही सुरू करायचं तर वर 'श्री'. वहीच्या पानावर श्री, ड्रॉइंगच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक श्री, डब्याच्या झाकणावर खिळ्यानं कोरलेला श्री. मी एकदा विचारलं, "तात्या, रजेच्या अर्जावरपण?"

"त्याच्यावर तर पयला," ते म्हणाले. "साहेबानं न्हाई म्हनायच्या आधी देवाचं नाव वाचलं पायजे."

मला त्यांनी बोलावलं ते एका तक्रारीसाठी. मोजता मोजता तो प्रोग्रॅम मध्येच थांबायचा आणि विचारायचा, नवी आवृत्ती आली आहे, घेऊ का? कुणी उत्तर दिलं नाही, की स्वतःच घ्यायला निघायचा. आता हे साधं वाटतं, पण मोजणाऱ्या प्रोग्रॅमनं मनानं कपडे बदललेले चालत नाहीत. तराजू बदलला तर आधी तराजूच तपासावा लागतो, मग माल. त्याची रीतसर तपासणी होते, कागद होतात. इंटरनेटची वायर उपटावी, तर प्रत्येक मालाबरोबर मोजमापाचा कागद त्याच कॉम्प्युटरवरून ग्राहकाला मेल व्हायचा. म्हणजे पुन्हा मंगलाताईंचाच मामला: घर उघडं, एकाला बंदी.

मी नियम लिहिला: अमुक फोल्डरमधला अमुक प्रोग्रॅम, बाहेर जाणार नाही. आणि नुसता लिहून थांबेन तर मी कसली! मी एक दाखला छापला. सुंदर किनार, मोठी अक्षरं: 'ह्या मशीनचा प्रोग्रॅम कोणत्याही परिस्थितीत बाहेर जाऊ शकत नाही.' खाली माझी लांबलचक सही. लॅमिनेट केला आणि भिंतीवर चिकटवला. ऑडिटवाले आले की त्याच्यासमोर उभे राहून मान डोलवायचे. 'कोणत्याही परिस्थितीत'! हे दोन शब्द आजही आठवले की मी एकटी असले तरी लाजते.

वर्ष-दीड वर्ष गेलं. मधल्या काळात मी त्या कारखान्यात जुन्या कामगारांसाठी कॉम्प्युटरचे छोटे वर्गही घेतले. फोल्डर कसं करायचं, नाव कसं बदलायचं, स्क्रीनवर त्याचं चित्र कसं आणायचं. तात्या पहिल्या रांगेत बसून सगळं वहीत उतरवून घ्यायचे. पानाच्या वर श्री.

मग दसरा झाला, दिवाळी झाली, आणि एक ट्रक परत आला.

ग्राहक कंपनीनं आमच्याकडून पास होऊन गेलेली घरं आपल्याकडे मोजली, तर भोकं मोठी. फार नाही, पाच मायक्रॉन. पण बेअरिंग बसायचं तिथं पाच मायक्रॉन म्हणजे खुळखुळा. सगळ्या कागदांवर चार नंबरचा शिक्का.

कारखान्याचे प्रमुख सबनीस साहेब. हळू आवाजात बोलणारा माणूस. आणि चाकणला मशीनच्या आवाजात हळू बोलणाऱ्या साहेबालाच लोक जास्त घाबरतात. त्यांनी कारण शोधून काढलं होतं. मोजणाऱ्या प्रोग्रॅमची आवृत्ती बदलली होती. उष्णतेनं लोखंड फुगतं, तेवढी वजावट करून माप सांगायचं असतं. ती वजावट तात्यांच्या आकड्यात आधीपासून धरलेली होती. नव्या आवृत्तीनं ती आपणहून पुन्हा एकदा केली. दोनदा वजा, म्हणून मोठं भोक लहान दिसलं आणि पास झालं.

त्यांनी मला आणि तात्यांना काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. मी जाण्याआधी मशीनच्या कॉम्प्युटरवर बसून वही उघडून बघितली. माझा नियम जागेवर, शेजारी बंदीची लाल खूण. मी डौलात केबिनमध्ये शिरले.

"मॅडम, एकच विचारतो," साहेब म्हणाले. "हा प्रोग्रॅम बाहेर जाऊ शकतो का?"

"नाही."

"नक्की?"

"साहेब, आत्ता बघून आले. नियम जागेवर आहे. आणि दाखला भिंतीवर आहे."

"मग नवी आवृत्ती आत कशी आली?"

"कुणीतरी पेन ड्राइव्हवरून टाकली असणार," मी म्हणाले. अगदी झटकन.

साहेबांनी मान तात्यांकडे वळवली. आणि तेव्हा मला कळलं मी काय बोलले ते. खोलीची किल्ली एकाच माणसाकडे होती. 'कुणीतरी' हा शब्द त्या कारखान्यात एकाच माणसाच्या अंगाला बसत होता, आणि तो माणूस माझ्या शेजारच्या खुर्चीत होता.

"तात्या?" साहेब म्हणाले.

तात्या माझ्याकडे बघत होते. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बाई म्हंत्यात त्यो भाईर जात न्हाई, तर न्हाईच जात. बाईंचं काम पक्कं हाय. पन म्या बी काय आनलं न्हाई, साहेब. भुईमुगाच्या रानाची शपथ."

"ह्यातली एकच गोष्ट खरी असू शकते, तात्या."

"व्हय. त्ये बी खरंच हाय."

साहेबांनी हात पुढे केला. "चौकशी होईपर्यंत शिक्का माझ्याकडे राहू दे."

तात्यांनी खिशातून शिक्का काढला, रुमालानं पुसला, त्याला शाई लागलेली नाही ना ते बघितलं आणि टेबलावर उभा ठेवला. त्यांच्या निवृत्तीला तीन महिने राहिले होते. निवृत्त होताना शिक्का परत करायचाच असतो. पण परत केलेला शिक्का आणि काढून घेतलेला शिक्का, ह्यांच्यात फरक किती, हे मोजायला त्या थंड खोलीत मशीन नव्हतं.

त्या दिवशी बसनं परतताना मी स्वतःला पटवत होते की नियम बरोबर आहे म्हणजे मी बरोबर आहे. पण 'बाईंचं काम पक्कं हाय' हे वाक्य काही जागा सोडायला तयार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न बोलावता गेले. कॉम्प्युटरमध्ये आजवर कोणकोणते पेन ड्राइव्ह लावले गेले ह्याची नोंद राहते, हे फार लोकांना माहीत नसतं. म्हटलं, तीच तपासू. तपासली. एक नोंद होती: माझा स्वतःचा पेन ड्राइव्ह, मी काम केलं त्या दिवशीचा. त्यानंतर कुणाचाही नाही.

म्हणजे पेन ड्राइव्हनं आली नाही. माझ्या नियमाप्रमाणे इंटरनेटनं आली नाही. मग आवृत्ती आली कुठून? भुईमुगासारखी जमिनीतून उगवली?

तात्या दाराशी उभे होते. शिक्का गेल्यापासून ते खिशाला सारखा हात लावत होते, चष्मा हरवलेला माणूस नाकाला लावतो तसा.

"तात्या," मी म्हणाले, "सकाळी आल्यापासून तुम्ही जे जे करता, ते मला करून दाखवा. अगदी सगळं. काही गाळू नका."

"सगळं?"

"सगळं."

त्यांनी चपला बाहेर काढल्या. ग्रॅनाइटच्या ओट्याला हात लावून तो कपाळाला लावला. खुर्चीत बसले. स्क्रीनला नमस्कार केला. आणि माऊसचा बाण नेऊन एका चित्रावर दोनदा टकटक केलं.

मी ते चित्र पाहिलं. चित्राच्या खाली इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: श्री.

"थांबा," मी म्हणाले. "हे काय?"

"मशीनचा प्रोग्रॅम."

"ह्याचं नाव हे नव्हतं."

"आता हाय," तात्या समाधानानं म्हणाले. "खंडेनवमीला घातलं. समद्या मशीनींची पूजा झाली, मापाची हत्यारं मांडली, हार घातले. मंग ध्यानात आलं, पोटातल्या प्रोग्रॅमाला श्री न्हाईच. मंग तुमी शिकीवलं तसं केलं. फोल्डराचं नाव बदललं, नवं चित्र हितं आनून ठिवलं. आतल्या फायलीला बी घातलं. मुहूर्तावर."

वाचक हो, मी त्या खोलीत एकदम खाली बसले. दुसरी खुर्ची होती म्हणून बरं.

माझा नियम काय म्हणत होता? 'अमुक फोल्डरमध्ये राहणारा अमुक.' तो माणूस ओळखत नव्हता, दारावरची पाटी ओळखत होता. तात्यांनी भक्तिभावानं पाटी बदलली. जुनं, साधं सॉफ्टवेअर. आपलं सगळं बोचकं स्वतःच्या पोटात घेऊन हिंडणारं. नाव बदललं तरी ते मजेत चाललं. आणि विंडोजच्या दारावर जाऊन म्हणालं, "मी श्री. जाऊन येऊ का?" विंडोजनं वही बघितली. श्री नावाच्या कुणालाच बंदी नाही. "या जाऊन." आणि माझा पहारेकरी? तो जुन्या पत्त्यावर, रिकाम्या घरासमोर, लाल खूण लावून ताठ उभा. नियम जागेवर होता हे मी साहेबांना सांगितलं, ते शब्दशः खरं होतं. जागेवर होता. घरात कुणी नव्हतं.

नवी आवृत्ती आल्याची तारीख पाहिली. खंडेनवमी, दुपार.

"तुम्हाला काही वेगळं दिसलं नाही त्या दिवशी?"

"दिसलं की. बटनं निळी व्हती, ती करडी झाली. मला वाटलं, सनाचं नवं कापड घातलं."

मी हसले. मग तात्या हसले. मग मला एकदम रडूच यायला लागलं, म्हणून मी पुन्हा हसले.

तात्यांनी हळूच विचारलं, "मंग बाई, चूक माझीच झाली म्हना की."

आता इथं मी तुम्हाला माझ्या मनातलं सांगते, कारण खोटं बोलून दिवाळी अंकात काय मिळवायचं? मला तीन रस्ते दिसत होते. एक, नाव गुपचूप पहिल्यासारखं करावं आणि कुणाला काही सांगू नये; तात्यांचं जे होईल ते होईल. दोन, साहेबांना सांगावं की तात्यांनी फोल्डरचं नाव बदललं. हे तर खरंच होतं, आणि माझा दाखला अर्धामुर्धा वाचत होता. तीन, स्वतःची चूक स्वतः सांगावी; पण त्या रस्त्यावर माझा दाखलाच आडवा पडलेला होता. फोल्डरला हात लावायची मुभा तात्यांना दिली कुणी? मी. कारण ते जुनं सॉफ्टवेअर त्याशिवाय चालायला तयार नव्हतं आणि मला उशीर होत होता. नाव बदलायला शिकवलं कुणी? मी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, नियम लिहिल्यानंतर एकदा तरी त्या प्रोग्रॅमला मुद्दाम 'जा रे बाहेर' म्हणून, तो अडतो का ते बघितलं का? एकदाही नाही. घराचं कुलूप तीनदा ओढणारी मी, हे कुलूप एकदाही ओढून बघितलं नव्हतं. दादा असते तर मला वहीत सही करायला लावली असती.

"चला तात्या," मी म्हणाले. "साहेबांकडे."

चाकणच्या कारखान्यांत चूक झाली की एक कागद भरावा लागतो. त्याला सगळे 'व्हाय-व्हाय' म्हणतात. एकापाठोपाठ पाचदा 'का?' विचारायचं, म्हणजे मूळ कारण सापडतं. ग्राहकाला तोच कागद जातो. सबनीस साहेबांनी कागद ओढला आणि मी सांगेन तसं लिहायला लागले. माल का गेला? माप चुकलं. माप का चुकलं? आवृत्ती बदलली. आवृत्ती का बदलली? प्रोग्रॅम बाहेर गेला. का गेला?

"कारण फोल्डरचं नाव बदललेलं होतं," मी म्हणाले.

"कुणी बदललं?"

"म्या," तात्या म्हणाले.

साहेबांनी लिहिलं: ऑपरेटरची चूक. आणि पेनला टोपण लावलं.

हे मी त्या पट्ट्यात वर्षानुवर्षं बघत आले आहे. पाच 'का'चा प्रवास निघतो खरा, पण वाटेत पहिला ऑपरेटर दिसला की सगळे तिथंच उतरतात.

"साहेब," मी म्हणाले, "अजून एक व्हाय उरलाय."

"चार पुरेत, मॅडम."

"चाराला ग्राहक घेत नाही. पाचवा विचारा. नाव बदललं तर प्रोग्रॅम का सुटला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग टोपण काढलं. "का सुटला?"

"कारण मी पाटी बघून अडवणारा पहारेकरी नेमला. आणि कुलूप लावून ते ओढून बघितलं नाही. उलट वर दाखला छापला. तोच दाखला दाखवून काल मी तात्यांना अडकवलं. तेच लिहा. खाली मी सही करते."

साहेबांनी कागदावरचं पेन उचललं. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे मॅडम, इतके दिवस तुम्ही अडवत कुणाला होतात?"

"रिकाम्या घराला, साहेब. अगदी कडक बंदोबस्त होता."

त्यांच्या ओठाचा एक कोपरा पाच मायक्रॉन हलला. त्यांनी पाचवं कारण लिहिलं, कागद माझ्यापुढे सरकवला, आणि खण उघडून शिक्का तात्यांपुढे ठेवला. तात्यांनी तो लगेच उचलला नाही. आधी मला म्हणाले, "सही नीट वाचता यील अशी करा बाई. मागल्या येळी लई वेलांट्या व्हत्या."

पुढचे तीन दिवस तात्या आणि मी परत आलेलं एकेक घर पुन्हा मोजत बसलो. काही घरं ग्राहकाकडे बसवूनही झाली होती, ती खोलून आणावी लागली. त्या फिटर लोकांची मेहनत माझ्या नावावर लागली आणि ती कधी फिटली नाही. हे सांगायला मजा येत नाही, म्हणून एकाच ओळीत सांगते.

नियम मी उलटा केला. आधी मी नको त्यांची यादी ठेवली होती. आणि नको असलेला माणूस नाव बदलून येतोच. आता दारावर हव्या असलेल्यांची यादी ठेवली. मेलचा प्रोग्रॅम, आणि बोलावलं तरच परदेशातल्या दुरुस्तीवाल्याचा. बाकी कुणीही असो, श्री असो, श्रीमान असो, घरात बसा. दादांच्या गेटवर असंच असायचं. पास आहे तो जातो. पास नाही त्याला नाव विचारायचंही कारण नाही. ही साधी गोष्ट माझ्या घरात तीस वर्षं खाकी कपड्यांत वावरत होती. फोल्डरला हात लावायची मुभा काढून घेतली. नाव मात्र तात्यांनी ठेवलं तेच राहू दिलं. मुहूर्तावरचं होतं.

दाखला मी भिंतीवरून काढला. त्या जागी एक चौकोन पांढरा राहिला, तो तात्यांना खुपायला लागला. म्हणाले, "कायतरी लावा." मी एक साधी वही टांगली. रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी तात्यांनी प्रोग्रॅममधलं 'नवी आवृत्ती शोधा' हे बटण मुद्दाम दाबायचं. तो धडपडायचा, बाहेर जायला बघायचा, आणि थोड्या वेळानं तक्रार करायचा की संपर्क होत नाही. मग तात्यांनी वहीत लिहायचं. रोज कुलूप ओढून बघायचं. दादा कुलूप तीनदा ओढायचे, हेही मी त्यांना सांगून ठेवलं.

तात्यांनी ते असं मनावर घेतलं की विचारू नका. वर श्री, मग तारीख, मग दोनच शब्द: 'गेला न्हाई.' खाली चार नंबरचा शिक्का. एखाद्या दिवशी जास्तीचंही असायचं. 'गेला न्हाई. लई धडपडला.' 'गेला न्हाई. लाइट गेली.' एकदा होतं: 'गेला न्हाई. साहेब सोता बघून गेले.' मी महिन्यातून एकदा जायची, पण खरं सांगते, काम तपासायला कमी आणि वही वाचायला जास्त.

तात्यांच्या निरोपाला मला यायला उशीर झाला. पेढे संपत आले होते, हारांची फुलं जमिनीवर सांडली होती. सबनीस साहेबांनी सगळ्यांसमोर हात पुढे केला. तात्यांनी खिशातून शिक्का काढला, रुमालानं पुसला, शाई लागली नाही ना ते बघितलं आणि साहेबांच्या तळहातावर ठेवला. वर दुसऱ्या हातानं त्यांची बोटंही मिटवली. तो शिक्का त्या दिवशी त्यांनी परत केला.

गर्दी पांगल्यावर मी थंड खोलीत गेले. सवयीनं वही उघडली. त्या सकाळचं पान भरलेलं होतं. वर श्री, खाली तारीख, आणि नेहमीच्या जाड अक्षरांत, शिक्क्याच्या वर:

'गेला न्हाई. मी चाललो.'

बाहेर पडताना मी खोलीच्या दाराला कुलूप लावलं. तात्या व्हरांड्यात उभे राहून बघत होते. मी ते एकदा ओढलं, दोनदा ओढलं.

"तिसऱ्यांदा, बाई," तात्या म्हणाले.